मुलांच्या रहस्यकथेत संशय कुणावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान मी गेली कित्येक वर्षं कापून आमच्या बालविभागाच्या फळ्यावर लावते. कोरेगावात (जि. सातारा) एका सार्वजनिक वाचनालयात मी सहायक ग्रंथपाल आहे, नोकरीला यंदा तेवीस वर्षं होतील. अलीकडे या पानावर अधूनमधून शोधकथा येऊ लागल्या आहेत. मुलं त्या फळ्यासमोर उभी राहून वाचतात, एकमेकांना ढकलत वाचतात. त्याचा आनंद आहेच, पण याच कथांबद्दल आपल्याकडे एक मागणं आहे. ते एका ओळीत लिहिता आलं असतं. तसं लिहिलं तर पटणार नाही, कारण मलाही ते एका चुकीनंतरच पटलं. जागा कमी असेल तर या पत्रातलं काहीही कापा, घंटेचा प्रसंग तेवढा ठेवा.

शनिवारी आमच्याकडे शाळा सकाळची असते. दुपारी जेवून, थोडं लोळून मुलं चारच्या सुमाराला वाचनालयात येतात. बालविभाग म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी आणि रस्त्याच्या बाजूची खिडकी. तिथे मी दर शनिवारी तासभर गोष्ट सांगते. पहिलीपासून सातवीपर्यंतची वीस-बावीस मुलं असतात. गेल्या दिवाळीनंतर लक्षात आलं, की पाचवीच्या पुढची मुलं, विशेषतः मुलगे, गळायला लागले आहेत. एकाला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, गोष्ट सुरू झाली की शेवट कळतो." त्याचं खरं होतं. कोल्हा आला की तो लबाड निघणार, गरीब लाकूडतोड्या आला की त्याचं भलं होणार. मग मीच विचारलं, कसली गोष्ट हवी? सगळे एका सुरात म्हणाले, "डिटेक्टिव्हची!" पहिलीतल्या एकीला तो शब्द म्हणता येईना, तीही त्या सुरात होती.

मी हौसेनं तयारीला लागले. खिडकीला काळे चार्टपेपर लावले, घरची टॉर्च आणली, स्टेशनरीच्या दुकानातून पाच भिंगं आणली. गोष्ट स्वतः रचली. एका गावच्या देवळातली पितळी घंटा एका सकाळी नाहीशी होते. घंटा कुठे गेली? उत्तर अगदी निरुपद्रवी ठेवलं होतं. घंटेचा लोलक झिजला होता म्हणून पुजाऱ्यानं ती पहाटेच तांबटाकडे नेली होती आणि घरी सांगायला विसरला होता. चोर नाही, चोरी नाही. कुणाच्या मनाला लागेल असं त्यात काही नाही, अशी माझी खात्री होती.

अर्ध्यावर थांबून मी विचारलं, "काय वाटतं, घंटा कुणी नेली असेल?"

पहिलं उत्तर आलं, "भंगारवाल्यानं." दुसरं, "पालावरच्या लोकांनी. ते चोरतातच." तिसरं, चौथं, पाचवं उत्तरही तेच. मुलं उत्साहात होती, कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. घरी जे कानावर पडतं ते ती बोलत होती.

सतरंजीवर तिसऱ्या रांगेत पालावरचा एक मुलगा बसला होता. गावाबाहेर या भटक्या कुटुंबांची पालं काही महिने असतात. त्याच्या वर्गातली एक मुलगी त्याला बरोबर घेऊन यायची. अनामत भरलेली नसल्यामुळे त्याला पुस्तक घरी न्यायला मिळत नव्हतं, तो इथेच बसून वाचायचा. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता. मी घाईघाईनं गोष्ट पुढे नेली, पुजारी आला, घंटा आली, मुलं हसली. तो हसला नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

१८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. स्वतंत्र भारतात तो कायदा रद्द झाला १९५२ साली. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन त्यासाठीच पाळतात. हे मला पाठ होतं. त्या विषयाची पुस्तकं मी स्वतः दाखल नोंदवहीत चढवलेली आहेत. आणि तरीही माझ्याच गोष्टीनं एका दहा वर्षांच्या मुलाला वीस मुलांसमोर संशयित करून बसवलं.

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली. रहस्यकथेचं उत्तर निष्पाप असून भागत नाही. उत्तर शेवटच्या पाच मिनिटांत येतं. त्याआधीची पंचावन्न मिनिटं मुलं संशयात राहतात, आणि तो संशय कुठे कुठे फिरून येतो हे गोष्ट रचणाऱ्यानं आधी पाहिलं पाहिजे. मी "कुणी नेली?" असं विचारलं. त्या प्रश्नाला माणसाचंच नाव लागतं, आणि ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं त्याचं नाव सगळ्यात आधी येतं. मोठ्यांच्या जगातही हेच होतं. मुलं वेगळं काय करणार?

मी पालावर गेले. त्याच्या आईला सांगितलं, चूक माझी झाली, पोराला पाठवा. तिनं माझं बोलणं ऐकून घेतलं, चहा दिला, "पाठवते" म्हणाली. तो आणखी एका शनिवारनंतर आला. अनामतीचा प्रश्न आम्ही कर्मचाऱ्यांनी आपसात सोडवला, तो या पत्राचा विषय नाही.

मग नवी गोष्ट रचायला मी दीड महिना घेतला. या वेळी तीन गोष्टी आधीच ठरवल्या. प्रश्न "कुणी चोरलं" असा नसेल, "काय झालं असेल" असा असेल. भूत नसेल, कारण टॉर्च विझवून मी जो आवाज काढला होता त्यानं पहिलीतली एक मुलगी दोन रात्री झोपली नव्हती आणि तिच्या आईनं मला रस्त्यात थांबवून ते सांगितलं होतं. तिसरं, जे धागेदोरे मला माहीत आहेत ते सगळे मुलांना डोळ्यांनी दिसतील. शेवटी पोतडीतून काढलेला एखादा काका किंवा जुळा भाऊ आणायचा नाही. मुलांना हरायला वाईट वाटत नाही, फसवलं गेलं की मात्र वाईट वाटतं.

गोष्टीचं नाव 'बिननावाचं पुस्तक'. वाचनालयाच्या परतीच्या खिडकीत एक पुस्तक सापडतं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली काही पानं गेलेली. हे कुणाचं? आणि ते कोण वाचत होतं? बाद केलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातलं एक मी घेतलं आणि खरोखरच तसं केलं. गोष्ट मी सांगत होते, पण पुस्तक मुलांच्या हातात होतं.

पहिल्या शनिवारचा प्रश्न एवढाच होता: हे पुस्तक आपलं आहे की दुसऱ्या कुठल्या वाचनालयाचं? वाचनालयात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, की पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असतोच, पण आतल्या एका ठरावीक पानावरही तो मारलेला असतो. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. प्रत्येक वाचनालयाचा आकडा वेगळा. पुढची पानं फाडली तरी पुस्तक आपलं आहे हे त्यावरून कळतं. मुलांना मी हे सांगितलं नाही. बिननावाच्या पुस्तकात त्यांना मध्येच एका पानावर शिक्का सापडला, पण पुसट, नाव न वाचता येणारा. आता पुढे? पाच मिनिटं सगळे गप्प. मग सहावीतल्या एका मुलानं कपाटातून दुसरं पुस्तक ओढलं, तेच पान उघडलं आणि ओरडला. त्यातही शिक्का होता, जागाही तीच. मग कपाटावर अशी झुंबड उडाली, की पंधरा मिनिटांत साठ-सत्तर पुस्तकं उघडली गेली. तेवीस वर्षांत मी त्या कपाटातली इतकी पुस्तकं एका वेळी बाहेर आलेली पाहिली नव्हती. त्यातली अकरा त्या दिवशी घरी गेली. आकडा मी इथे लिहीत नाही. मुलांनीही तो बाहेर सांगायचा नाही असं आपणहून ठरवलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून पाळलं आहे.

पुस्तक आपलंच निघालं. मग ते वाचत होतं कोण?

दुसऱ्या शनिवारी मी चार खुणा दाखवल्या. एका पानाच्या कडेला अंगठ्याचा पिवळा ठसा. पानांचे कोपरे दुमडलेले, जवळजवळ दर सात-आठ पानांनी एक. दोन पानांच्या बेचक्यात अडकलेला वाघ्या घेवड्याचा एक दाणा. आणि खूण म्हणून घातलेला चिठोरा, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: '६२ – ६ कि. २००'.

घेवडा हा मी मुद्दाम घातलेला चकवा होता. आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मुलं त्या दाण्यामागे धावत सुटतील, असं मला वाटलं होतं. चौथीतल्या एका मुलानं दाणा तळहातावर घेतला, उलटसुलट केला आणि परत ठेवला. म्हणाला, "बाई, ह्यो तर समद्यांच्याच घरात असतोय. ह्याचा काय उपेग?"

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. जी खूण सगळ्यांना लागू पडते तिच्यावरून कुणालाही पकडता येत नाही, हे त्या मुलाला शिकवलेलं नव्हतं. घंटेच्या वेळी याच मुलांनी कसलीही खूण नसताना माणसं पकडली होती. फरक मुलांमध्ये नव्हता, प्रश्नात होता आणि त्यांच्या हातात काय दिलं होतं त्यात होता.

कोपऱ्यांवर बराच वेळ गेला. कुणीतरी थोडं थोडंच वाचतंय, पण रोज वाचतंय, एवढं सगळ्यांना पटलं. असं कोण वाचेल? फळ्यावर यादी झाली: एसटीचा कंडक्टर, पिठाच्या गिरणीत दळणाची वाट बघणारी बाई, दवाखान्यातली नर्स, रेल्वे फाटकावरचा माणूस, शेतात मोटर चालू करून बांधावर बसलेले आजोबा. घंटेच्या दिवशीही फळ्यावर यादीच झाली होती. तिच्यात सगळे चोर होते, हिच्यात सगळे वाचक. पालावरच्या मुलानंही एक नाव सुचवलं, "रात्रीच्या राखणीला बसलेला." कशाच्या उजेडात वाचेल, असं कुणीतरी विचारलं. "मोबाइलच्या," तो म्हणाला. नाव फळ्यावर गेलं.

अंगठ्याच्या ठशासाठी आम्ही वाचनालयाचं शाईचं पॅड काढलं. प्रत्येकानं आपला अंगठा कोऱ्या कागदावर उमटवला, भिंगातून पाहिला. बोटावर शंख आहे की चक्र, हे आपल्याकडे आजीला विचारावं लागत नाही, तीच आपला हात ओढून मोजते. दहाही चक्रं असली की राजा होणार म्हणून सांगते. मुलांना ते शब्द माहीत होते, त्यामुळे मला नवीन काही शिकवावं लागलं नाही. राजा होण्याचं सोडून द्या, पण ही रेषांची ओळख कुणाचीही दुसऱ्यासारखी नसते, जुळ्या भावंडांचीही नसते, हे सांगितल्यावर आमच्या जुळ्या बहिणींनी लगेच अंगठे जुळवून पाहिले. आणि मग मी त्यांना खरी हकिगत सांगितली. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या माणसाकडून करारावर सहीबरोबर पंजाचा ठसा घेतला होता. पुढे १८९७ साली ठशांची नोंद ठेवणारी, जगातल्या पहिल्या काही कचेऱ्यांपैकी एक कचेरी कलकत्त्यात उघडली, आणि ठशांची वर्गवारी बसवण्याचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी केलं, जरी पद्धतीला नाव त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं, पडलं. "मग त्यांचं नाव का नाही?" हा प्रश्न लगेच आला. त्यावर आम्ही जेवढा वेळ बोललो तेवढा मी आखलेला नव्हता. पण तो वेळ तोडायचा नाही, हे आता मी शिकले आहे.

पिवळा ठसा चक्राचा होता. आमच्यापैकी कुणाचाही जुळला नाही. पिवळं म्हणजे हळद, हे वासावरून कळलं. (सुक्या हळदीचा ठसा नीट उमटत नाही. बोटाला तेल लावून मग हळद लावली तर रेषा दिसतात. मला चार कागद वाया घालवावे लागले, म्हणून लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल.)

राहिला चिठोरा. '६२ – ६ कि. २००'. कुणी म्हणालं गाडीचा नंबर, कुणी म्हणालं वजनकाट्याची पावती. साडेपाच वाजले, उत्तर सापडलं नाही. मी म्हणाले, "पुढच्या शनिवारी."

तो आठवडा फार महत्त्वाचा होता, आणि माझ्या मागण्याचा अर्धा भाग त्या आठवड्यातच आहे. मुलांनी चिठोऱ्यावरचे आकडे हातावर लिहून घेतले होते. दोन आयांचे फोन आले: उत्तर सांगून टाका, डोकं खातोय. एकीचे आजोबा काठी टेकत स्वतः वाचनालयात आले, पुस्तक मागून घेऊन अर्धा तास भिंगानं पाहत बसले, आणि काही न बोलता गेले. एका शाळेतल्या शिक्षकांनी मात्र मला सांगितलं, की मुलांना असं टांगून ठेवणं बरं नाही, गोष्ट त्याच दिवशी संपवून तात्पर्य सांगावं. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी त्यांचं ऐकलं नाही. आठ दिवस एक प्रश्न डोक्यात बाळगणं ही मुलांना झेपणारी गोष्ट आहे. आजकाल त्यांना सगळ्याची उत्तरं बोटासरशी मिळतात. या प्रश्नाचं उत्तर मोबाइलमध्ये नव्हतं. ते त्यांच्याच गावात कुठेतरी होतं, आणि त्या आठवड्यात मुलं गावाकडे त्या डोळ्यांनी बघत होती.

बुधवारी पाचवीतली एक मुलगी धापा टाकत आली. तिनं ६ किलो २०० चे ग्रॅम केले होते, ६२०० ला ६२ नं भागलं होतं. शंभर. "बाई, माणशी शंभर ग्रॅम! आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलंय!" शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे, हा तक्ता शाळेत रंगवलेला असतो. रोज त्याच्यासमोर ती ताट घेऊन बसते. बासष्ट मुलं हजर, सहा किलो दोनशे तांदूळ. मी तिला फक्त म्हणाले, "शनिवारपर्यंत कुणाला सांगू नकोस." तिनं सांगितलं नाही. तीन दिवस एवढं मोठं गुपित पोटात ठेवणं काय असतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिसऱ्या शनिवारी तिनं फळ्यावर भागाकार करून दाखवला, आणि बाकीचे धागे आपोआप जुळत गेले. हळदीचा हात. भात शिजायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटं, तेवढ्यात होणारी सात-आठ पानं. मग भातात लक्ष घालायचं म्हणून कोपरा दुमडायचा. मी दार उघडलं. बाहेर मावशी उभ्या होत्या.

त्या एका प्राथमिक शाळेत पोषण आहार शिजवतात. शिक्षण सातवीपर्यंत. सहा वर्षं आमच्या सभासद आहेत आणि महिन्याला तीन-चार पुस्तकं वाचतात. यात रचलेलं काही नाही. गोष्ट आखताना मी त्यांच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये जाऊन बसले होते. कोपरे दुमडायची त्यांची सवय, तांदळाचा हिशेब लिहिलेले चिठोरे खूण म्हणून घालायची सवय मला परतीच्या पुस्तकांवरून माहीत होती. त्यांना विचारलं, ही तुमची गोष्ट मुलांना कोडं म्हणून घालू का? त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "कोपरं दुमडते म्हणून रागवायच्या न्हाई ना?" मी म्हणाले, नाही. त्यांनी पॅडवर अंगठा दिला. तीन मुलांनी तीन भिंगांतून तो पिवळ्या ठशाशी ताडून पाहिला. चक्र जुळलं, चक्राच्या बाजूची तुटकी रेष जुळली. मग मावशींनी तेच पुस्तक उघडून एक पान मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांच्या हातचा भात रोज खाणारी पाच-सहा मुलं तिथे बसली होती. त्या वाचतात हे त्यांना माहीत नव्हतं. सोमवारी त्यातल्या एकानं ताट पुढे करताना त्यांना विचारलं म्हणे, "मावशी, आता कुठलं चाललंय?"

संपादक महाशय, हे करायला मला तीनशे ऐंशी रुपये लागले, त्यातले बहुतेक भिंगांचे. हे लिहिते ते आमच्यासारख्या इतर वाचनालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी. बालविभागाला पैसा नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल वेगळं रडगाणं गात नाही. एवढंच सांगते, की गोष्ट उलटी रचा. आधी उत्तर ठरवा, मग त्या उत्तराकडे नेणाऱ्या तीन खुणा, मग एक चकवा, आणि सगळ्यात शेवटी सुरुवात. खुणा आपल्या गावच्या असू द्या. बर्फातल्या पावलांपेक्षा शेणानं सारवलेल्या अंगणातलं मांजराचं पाऊल बरं. कुत्र्याच्या पावलात नखांच्या खुणा उमटतात, मांजर नखं आत ओढून चालतं म्हणून त्याच्या पावलात दिसत नाहीत, हे आमच्याकडच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चिठ्ठी लिहायची तर चकारी भाषेत लिहा, म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला 'च' लावायचा. आम्ही 'चपाटाखालीक' एवढा एकच शब्द लिहिला होता. मोठी माणसं बघत राहिली आणि तिसरीतली मुलगी कपाटाखाली शिरली. लिंबाच्या रसानं लिहिलेली अक्षरं इस्त्रीखाली तपकिरी होऊन उमटतात, तेही मुलांना फार आवडतं, पण इस्त्री आपल्या हातात ठेवा. आणि सात वर्षांच्या आतल्या मुलांना तीन शनिवारची गोष्ट झेपत नाही. त्यांना मी वेगळं बसवून कोडी घालते. आमची आजी त्याला उमाणं म्हणायची. काळ्या घोड्यावर पांढरी स्वारी, एक उतरला की दुसऱ्याची पाळी. तवा आणि भाकरी कुणी ओळखली, की ते मूल दिवसभर उंच मानेनं फिरतं. रहस्यकथेतली सगळी गंमत त्या दोन ओळींत आहे. सगळं समोर असतं, तरी दिसत नाही. आणि त्यात चोर नाही.

आता आपल्याकडे मागणं. आपल्या पानावर शोधकथा येत राहाव्यात, जास्त याव्यात. मात्र गेल्या वर्षभरातली कात्रणं मी परवा फळ्यामागच्या फाइलमधून काढून पाहिली. सातपैकी पाच कथांत काहीतरी चोरीला गेलं आहे. त्या पाचांतल्या तीन कथांत आधी संशय येतो तो कामवाल्या बाईवर, वॉचमनवर आणि फुगेवाल्यावर. शेवटी ती माणसं निर्दोष ठरतात, लेखकांनी तेवढी काळजी घेतली आहे. पण मीही घेतली होती. आणि एका कथेतल्या चोराचं चित्र काळ्या रंगाचं, वाढलेल्या दाढीचं, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा बनियन असं आहे. तसे दिसणारे वडील आमच्या सतरंजीवरच्या चार-पाच मुलांचे तरी आहेत. दिवसभर उन्हात काम करणारा माणूस काळाच दिसणार.

दुसरं, कथेचं उत्तर त्याच पानावर खाली उलट्या अक्षरांत छापू नका. मूल प्रश्न वाचून होईतो पान फिरवतं आणि दोन मिनिटांत खेळ संपतो. उत्तर पुढच्या रविवारी द्या. मधल्या आठवड्यात मुलांना पत्रं पाठवू द्या, त्यातली दोन-चार तर्कासकट छापा. चुकलेलीही छापा, तर्क चांगला असेल तर. आमच्या फळ्यासमोर आठवडाभर काय होईल ते मला आत्ताच दिसतं आहे.

नमुना म्हणून या पत्रासोबत एक गोष्ट पाठवते आहे. बाजाराच्या दिवशी पावसात एसटी स्टँडवर राहिलेली एक पिशवी, तिच्यात पाच वस्तू, आणि ती कुणाची असेल एवढाच प्रश्न. साडेचारशे शब्दांत बसवली आहे. आवडली तर छापा, मानधन नको. सोबत पहिलाच भाग आहे. दुसरा लिहून तयार आहे, पहिला छापून आला की सोमवारच्या टपालानं पाठवते.

आपली,
एक सहायक ग्रंथपाल,
कोरेगाव, जि. सातारा